बंद देशाच्या वेशीवरचा पाळक

१९४८ साली लाहोरमध्ये एक जाडजूड ग्रंथ छापून पूर्ण झाला. तिबेटी भाषेतलं ते पहिलं संपूर्ण बायबल. छपाई लाहोरची आणि भाषांतर लेहचं. काम हाती घेतलं तेव्हा या दोन गावांमध्ये नुसतं अंतर होतं. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा मध्ये सरहद्द आली होती आणि तिच्यावर लढाई चालू होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हवाई दलाचे मेहर सिंग यांनी लेहच्या घाईघाईने तयार केलेल्या धावपट्टीवर पहिलं डाकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते, आणि हल्लेखोर सिंधूच्या खोऱ्याने वर सरकत होते. लेहच्या ज्या ख्रिस्ती मंडळीसाठी हा ग्रंथ होता ती वेढ्याच्या छायेत होती, आणि ग्रंथ शत्रू ठरलेल्या देशात. भाषांतर करणारे पाळक योसेब गेर्गन यांना हे पाहावं लागलं नाही. ते १९४६ मध्येच वारले होते.

ख्रिस्ती धर्मप्रसारकांबद्दल आपल्याकडे दोनच पद्धतींनी लिहिलं जातं. एक तर आरती ओवाळत, नाहीतर आरोपपत्र ठेवत. दोन्हींमध्ये मध्यभागी गोरा मिशनरी असतो आणि स्थानिक माणूस आकड्यात जमा होतो: इतके बाटले, किंवा इतके तारले गेले. गेर्गन या हिशेबात बसत नाहीत. त्यांची मंडळी इतकी लहान होती की आकड्यांवर पोट भरणाऱ्या दोन्ही पक्षांना त्यांचा उपयोग नाही. मला ते महत्त्वाचे वाटतात ते वेगळ्या कारणासाठी. ज्याने शेजाऱ्यांचा धर्म सोडला आहे त्याने शेजाऱ्यांच्या भाषेचं, पोथ्यांचं आणि इतिहासाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर हातात धरला आणि त्याचं स्वतःपुरतं उत्तरही दिलं.

नाव पूर्ण लिहायचं तर सोनम त्सेतन योसेब गेर्गन. पहिली दोन नावं कुठल्याही बौद्ध घरात सापडतील, तिसरं बायबलमधलं, आणि गेर्गन म्हणजे मास्तर. जन्म नुब्राचा. लेहहून खारदुंग खिंड ओलांडली की श्योक नदीचं जे रुंद, वाळूचं खोरं लागतं ते नुब्रा. वडील मूळचे मध्य तिबेटचे. ल्हासाच्या राजकारणात उलथापालथ झाली तेव्हा देश सोडून ते इकडे आले, असं घराण्याची परंपरा सांगते. मिशनच्या वाङ्मयात या पलायनाच्या कथा चांगल्याच रंगवल्या आहेत. बर्फ आहे, पाठलाग आहे, सोनंही आहे. परदेशी वाचकांकडून वर्गणी गोळा करायला अशा कथा बऱ्या पडत असाव्यात. माझ्या दृष्टीने अधिक निर्णायक गोष्ट साधी आहे. हा मुलगा श्रीनगरच्या मिशन शाळेत शिकला आणि परत येऊन लेहच्या मिशन शाळेत मास्तर झाला. तिबेटी पोथीची भाषा, उर्दू आणि इंग्रजी या तिन्हींत ज्याचा हात चालतो असा माणूस त्या काळच्या लडाखमध्ये शोधून सापडला नसता.

हे मिशन होतं मोरावियन पंथाचं. हे नाव मराठी वाचकाला फारसं परिचयाचं नाही, बी.एड. झालेल्यांना मात्र या पंथाचा एक बिशप पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतो, तो म्हणजे शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस. यान हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळलं, त्याच्या बोहेमियातल्या अनुयायांनी १४५७ मध्ये आपला बंधुसंघ स्थापला, पुढे त्यांना देशोधडीला लावलं गेलं. १७२२ मध्ये मोरावियातून निसटलेल्या काही कुटुंबांना सॅक्सनीतल्या झिंझेनडॉर्फ नावाच्या जहागीरदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला. तिथे वसलं ते हेर्नहूट हे गाव. अवघ्या दहा वर्षांत, १७३२ मध्ये, या निर्वासितांच्या गावाने एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये राहायला धाडले. विद्यापीठाचे पंडित फार पुढे आले. आधी गेले ते कारागीर. १७६० मध्ये ते आपल्याकडे तमिळ किनाऱ्यावर ट्रांकेबारलाही पोचले होते, पण तो डाव फसला.

हिमालयात ते आले तेही वाट चुकल्यासारखेच. १८५३ मध्ये हायडे आणि पागेल हे दोघे निघाले होते मंगोलियाला. रशियातून वाट मिळेना म्हणून हिंदुस्थानातून तिबेटमार्गे जायचं ठरलं, आणि तिबेटच्या सीमेवरून त्यांना परत फिरवण्यात आलं. मग त्यांनी लाहौलमध्ये केलाँगला बिऱ्हाड मांडलं, पुढे किन्नौरमध्ये पू आणि १८८५ मध्ये लेह. नकाशावर ही तिन्ही ठिकाणं पाहिली की हेतू कळतो. सगळी तिबेटच्या उंबरठ्यावर. दार आज ना उद्या उघडेल, आणि उघडेल तेव्हा आपण जवळ असू, या आशेवर तीन पिढ्या तिथे राहिल्या. राहिल्या आणि मेल्याही. लेहच्या मिशन दवाखान्यातले डॉक्टर कार्ल मार्क्स (होय, हेच नाव, योगायोग फक्त नावापुरता) आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रेड्सलोब हे दोघेही १८९१ मध्ये टायफसच्या एकाच साथीत गेले.

स्थानिक माणसं मात्र येत नव्हती. केलाँगला पहिला बाप्तिस्मा झाला १८६५ मध्ये, आणि तोही लाहौलमध्ये येऊन राहिलेल्या एका लडाखी बापलेकांचा. औषध घ्यायला लोक येत. लोकर विणायला शिकायला बायका येत. हायडेंच्या पत्नी मारिया यांनी लाहौलमध्ये रुजवलेल्या विणकामातून निघालेले रंगीत पायमोजे आज तिथली ओळख झाले आहेत. १८८९ मध्ये तर एकापेक्षा जास्त मुलं असलेल्या घराने एक तरी मूल शाळेत धाडावं असं फर्मान लडाखच्या वझिराने काढलं आणि लेहच्या मिशन शाळेचे बाक भरले. पण बाकावर बसणं वेगळं आणि मंडळीत येणं वेगळं.

याचं कारण लोक फार धर्मनिष्ठ होते, एवढंच सांगून भागत नाही. लडाखमध्ये काही घरांचा मिळून एक गट असतो, त्याला फास्पुन म्हणतात. या घरांचं कुलदैवत एक. जन्म, लग्न आणि विशेषतः मृत्यू यांत ही घरं एकमेकांची. घरात मयत झालं की त्या घरच्या माणसांनी शोक करायचा; प्रेत बांधणं, लामांना बोलावणं, लाकडं रचणं, स्वयंपाक सांभाळणं हे सगळं फास्पुनची माणसं करतात. ज्याने कुलदैवत सोडलं त्याच्या प्रेताला हात कुणी लावायचा? आपल्याकडे वाळीत टाकलेल्या घराला मयताच्या दिवशी जे भोगावं लागे ते आठवलं की या प्रश्नाची धार कळेल. त्यात जमिनीचा व्यवहार. सख्खे भाऊ मिळून एक बायको करत, म्हणजे शेत तुटत नसे; धाकट्याला मठात घालत. मिशनचा नियम एक नवरा, एक बायको. तो पाळायचा तर शेताचे तुकडे पाडायचे किंवा शेतावरचा हक्क सोडायचा. बर्फाच्या ओढ्यावर पिकणाऱ्या इवल्या जवाच्या वावरांच्या देशात ही चैन कुणाला परवडणार होती?

म्हणून जो ख्रिस्ती झाला तो बहुधा आधीच कुठून तरी तुटलेला होता: परगावचा, निर्वासित, अनाथ, मिश्र विवाहातला. गेर्गन कुटुंबही तिबेटातून आलेलं, स्थानिक फास्पुनच्या जाळ्यात फार खोल न रुतलेलं. आणि ख्रिस्ती झाल्यावर त्याला मिशनशिवाय आधार उरत नसे. तोच मास्तर, तोच विणकर, तोच पुस्तकं विकत हिंडणारा, तोच साहेबाच्या घरचा नोकर. मंडळी आणि मालक एकच, अशी ही अडचणीची रचना होती, आणि तिच्यातून धीट नेतृत्व उभं राहणं अवघडच.

वास्तविक मोरावियनांची शिकवण वेगळी होती. झिंझेनडॉर्फचा झुंडीच्या धर्मांतरावर विश्वास नव्हता. प्रत्येक जमातीतून थोडी ‘पहिली फळं’ वेचावीत, त्यांच्यातूनच सहायक उभे करावेत, आणि हेर्नहूटच्या गजाने परक्या माणसांचे आत्मे मोजू नयेत, असं तो आपल्या प्रचारकांना बजावत असे. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात पहिला बाप्तिस्मा १८६५ चा आणि लडाखी माणसाला पहिली पाळकीय दीक्षा १९२० ची. मधे पंचावन्न वर्षं. योसेब गेर्गन आणि देवाझुंग दाना या दोघांना त्या वर्षी दीक्षा मिळाली. तीही अशा काळात की पहिल्या महायुद्धामुळे जर्मन मिशनऱ्यांना हा देश सोडावा लागला होता आणि मंडळ्या सांभाळायला माणसं उरली नव्हती. हा उदारपणाचा क्षण होता असं मला वाटत नाही. पाश्चात्त्यांच्या भांडणात जागा रिकामी झाली, आणि ती भरायला जो वर्षानुवर्षं दारात उभा होता त्याला आत घेतलं, इतकंच.

पण आत आलेल्या माणसाने त्या जागेचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. गेर्गन प्रवचनं करत, लग्नं लावत, प्रेतं पुरत, मंडळीतली भांडणं मिटवत. लहान गावातल्या पाळकाला जे करावं लागतं ते सगळं. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र टेबलाशी गेला, जुन्या कराराच्या तिबेटी भाषांतरात.

या भाषांतराची पूर्वपीठिका केलाँगची. याश्के नावाचा एक विलक्षण भाषापंडित तिथे १८५७ मध्ये आला. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये निघाला आणि तो आजही वापरात आहे. नव्या कराराचा बराचसा भाग याश्केने केला, तो १८८५ मध्ये पूर्ण छापून निघाला. जुना करार राहिला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ते काम गेर्गनांकडे आलं. मसुदा त्यांचा; मूळ हिब्रूशी ताडून पाहण्याचं काम फ्रांके या मिशनरी-इतिहासकाराचं. फ्रांके आजारी पत्नीमुळे आणि पुढे युद्धामुळे जर्मनीत राहिले, बर्लिनला तिबेटी शिकवू लागले, आणि कागदांची गाठोडी झोजी ला खिंडीतून खाली आणि पुन्हा वर अशी प्रवास करू लागली. वर्षातले कित्येक महिने ती खिंड बर्फाने बंद. एका पुस्तकावरची शंका लेहहून निघून उत्तर घेऊन परत येईपर्यंत मधे एक हिवाळा जात असेल. फ्रांके १९३० मध्ये वारले. मग बिशप पीटर यांनी तपासणी पुढे नेली. मसुदे, दुरुस्त्या, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या असं करत गेर्गनांच्या हयातीतली शेवटची वर्षंही त्यातच गेली. शेवटी धातूच्या खिळ्यांचा नाद सोडून लडाखी लेखनिकांकडून सगळा मजकूर सुवाच्य हस्ताक्षरात लिहवून घेण्यात आला, आणि त्याची छायाचित्रं घेऊन लाहोरला तो छापला गेला. ते तडीला नेण्यात बायबल सोसायटीचे चंदू रे यांचा मोठा वाटा होता. ते सिंधी हिंदू घरातून आलेले ख्रिस्ती, पुढे कराचीचे बिशप झाले. म्हणजे तिबेटी बायबलात आपण पाहतो ते अक्षर खिळ्याचं नाही, माणसाच्या हाताचं आहे.

आता खरा प्रश्न भाषेचा. लडाखमध्ये बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. लिहायची ती पोथीची तिबेटी, जिचं शब्दलेखन हजार-बाराशे वर्षांपूर्वी ठरलं आणि तसंच राहिलं. आठ या संख्येसाठी ब, र, ग, य, द अशी पाच व्यंजनं लिहायची. ल्हासाचा माणूस ते नुसतं ‘ग्ये’ म्हणतो, लडाखी माणूस ‘र्ग्यत’ म्हणतो. गंमत म्हणजे राजधानीपासून सर्वांत दूरच्या पश्चिमेकडच्या बोलींनीच जुने उच्चार जास्त जपले आहेत, आणि याश्केला हे पुरतं कळलं होतं. फ्रांकेंचा ओढा बोलीकडे होता. १९०४ मध्ये त्यांनी लेहहून ‘लडाखचा अखबार’ नावाचं शिळाछापी वृत्तपत्र काढलं, तिबेटी लिपीतलं ते पहिल्या वृत्तपत्रांपैकी एक. मार्कचं शुभवर्तमानही त्यांनी लडाखी बोलीत केलं. गेर्गनांनी मात्र पोथीची भाषा निवडली.

ही निवड सनातनी वाटू शकते. पण ज्या समाजात पवित्र ग्रंथ आधी डोक्यावर घेतला जातो आणि मग वाचला जातो, तिथे ती समजून घ्यावी लागते. लडाखच्या गावांत पेरणीच्या सुमारास मठातल्या पोथ्या पाठीवर बांधून शेतांना प्रदक्षिणा घालतात. पोथी शिवारातून फिरली की पीक राखलं जातं. पोथीतलं अक्षर कुणाला वाचता येतं हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. अशा लोकांपुढे बाजारात बोलतात त्या भाषेतला धर्मग्रंथ ठेवला असता तर तो त्यांना ग्रंथ वाटला नसता, पत्र वाटलं असतं. शिवाय गेर्गनांच्या डोळ्यांपुढे फक्त लेह नव्हतं. पोथीची भाषा लडाखपासून पूर्व तिबेटातल्या खाम-आम्दोपर्यंत शिकलेल्या माणसाला कळते. वडिलांचा देश याच टापूत होता. देवासाठी याश्केने निवडलेला ‘कोन्चोक’ हा शब्दही त्यांनी ठेवला, जो बौद्ध त्रिरत्नांसाठी वापरतात आणि जो लडाखी आईबाप हौसेने मुलांच्या नावात घालतात. शेजाऱ्याच्या कानाला परकं काही लागू नये, हा त्यामागचा विचार.

मराठी वाचकाला इथे आपले दोन समकालीन आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात आणलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवलं, आणि जुन्या धर्माचा वास येणारे शब्द निग्रहाने टाळले. रमाबाईंना पूल जाळायचा होता, टिळकांना तोच पूल वापरायचा होता. गेर्गन स्वभावाने टिळकांच्या बाजूचे. फरक असा की टिळकांना सोपं आणि परंपरेतलं अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता आल्या, कारण ज्ञानेश्वरांनी सहाशे वर्षं आधी देवाला लोकांच्या बोलीत आणून ठेवलं होतं आणि तुकोबांनी ती बोली जात्यावर नि वीणेवर नेली होती. लडाखकडे हा वारसा नव्हता. मिलारेपासारखे गाणारे योगी तिकडे झाले, पण लिहिताना लेखन जुनंच राहिलं. गेर्गनांना परंपरा हवी होती, तर अवघडपणा पदरात घेणं भाग होतं.

आणि त्याची किंमत त्यांच्याच मंडळीने मोजली. लेहच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी लडाखी बोलत होती, तिचा शिकलेला मुलगा कचेरीच्या उर्दूत लिहीत होता, आणि पाळकाच्या आयुष्याचं काम तिसऱ्याच भाषेत होतं. ते पुरतं कळायला मठात शिकलेल्या माणसाची गरज होती. कळपाच्या ताटात पडेल असं काही शिजवण्याआधी पाळकाने परदेशातल्या पाहुण्यांसाठी पंगत मांडली, असं कुणी म्हटलं तर मला ते खोडून काढता येणार नाही. पाहुण्यांचा देश बंद होता, ही त्यातली आणखी एक अडचण.

तरीही गेर्गनांची दुसरी दोन कामं पाहिली की त्यांच्या निवडीचा अर्थ पालटतो. त्यांनी एक हजार तिबेटी म्हणी आणि सुभाषितं गोळा केली, अवघड जागांवर टिपा दिल्या. ते पुस्तक १९४२ मध्ये निघालं. आणि त्यांनी लडाखचा इतिहास लिहिला. राजघराण्याच्या वंशावळी, शिलालेख, मठांचे कागद, लोकांच्या तोंडच्या आठवणी, सगळं एकत्र करून. हे राज्य जोरावर सिंगच्या डोग्रा फौजांनी १८३४ पासूनच्या काही वर्षांत संपवलं होतं, राजवंश स्तोकच्या वाड्यात जाऊन बसला होता, आणि कागदपत्रं घराघरांत कुजत होती. राजे बौद्ध, मठ बौद्ध, देणग्या बौद्ध. आणि त्यांची नोंद ठेवत होता एक ख्रिस्ती पाळक. धर्मप्रसाराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. मुलाने, एस. एस. गेर्गन यांनी, ते १९७६ मध्ये प्रसिद्ध केलं. नाव ‘लडाखच्या राजवंशांचा अमर ठेवा’ अशा अर्थाचं. पुढच्याच वर्षी आलेल्या लुचियानो पेतेक यांच्या लडाखच्या राज्यावरच्या प्रमाणभूत इंग्रजी ग्रंथात त्याचा आधार घेतलेला दिसतो.

धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर, असं एक समीकरण आपल्याकडे सतत मांडलं जातं. मला गेर्गन त्यावरचं उत्तर म्हणून वापरायचे नाहीत. एका माणसावरून समीकरणं सिद्धही होत नाहीत आणि मोडतही नाहीत. पण इतकं दिसतं की फास्पुनच्या बाहेर पडलेल्या माणसाला गावाची आठवण जपण्याची निकड आत असलेल्यांपेक्षा जास्त वाटली. आत असलेल्याला ती गृहीत धरता येते. बाहेरच्याला ती लिहून काढावी लागते, नाहीतर ती त्याची राहात नाही.

गेर्गनांच्या उलट टोकाला पुढच्या पिढीतले एलिया त्सेतन फुंत्सोग. जन्म १९०८, लेहच्या प्रतिष्ठित बौद्ध घराण्यातला. म्हणजे तुटलेला, आसरा शोधणारा माणूस नव्हे. सरकारी अधिकारी असताना, १९३४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा माणसाच्या धर्मांतराने लेहमध्ये काय खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते. त्यांचं निदान स्वच्छ होतं: लडाखी मुलाला आपली भाषा लिहिता येत नाही याचं कारण मूल मठ्ठ आहे हे नव्हे, लेखनपद्धती मेलेली आहे. म्हणून बोलतो तसं लिहायचं. मुकी अक्षरं गाळायची, नियम सोपे करायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ही सुधारित पद्धत मांडली.

मठांनी ती हाणून पाडली. ही अक्षरं बुद्धवचनाची आहेत; त्यांतलं एक अक्षर गाळणं म्हणजे वचनाला हात लावणं, असा आक्षेप होता. आपल्याकडे ‘अ’ची बाराखडी आणणाऱ्यांना जे ऐकून घ्यावं लागलं त्याच्या कैकपट हे होतं, कारण इथे सुधारणा मांडणारा दुसऱ्या धर्माचा होता आणि त्याच्या हेतूबद्दल शंका घेणं सोपं होतं. मला मात्र हा आक्षेप नुसता अडाणीपणाचा वाटत नाही. त्या शब्दलेखनामुळेच लडाखी माणूस ल्हासाशी, भूतानशी, हजार वर्षांच्या ग्रंथसंभाराशी जोडलेला होता. बोलीत लिहायला लागला तर तो शेजारच्या खोऱ्याशीही तुटेल, ही भीती खोटी नव्हती. गेर्गनांनी नेमका हाच धागा न तोडण्यासाठी आयुष्य घालवलं होतं.

१९५६ मध्ये शेवटचं युरोपियन मिशनरी कुटुंब लडाखमधून गेलं. त्याच वर्षी फुंत्सोगांना पाळकीय दीक्षा मिळाली. आता मंडळीवर परका मालक राहिला नाही, आणि परका आधारही. ती बुडेल असं भाकीत करणारे कमी नसतील. ती बुडाली नाही, वाढलीही नाही. आजही लडाखमधल्या मोरावियन ख्रिस्त्यांची संख्या काही शेकड्यांतच आहे, आणि लेहची त्यांची शाळा बहुसंख्येने बौद्ध आणि मुसलमान मुलांना शिकवते.

मग तिबेटातल्या उठावाचं १९५९ आलं. ज्या दाराच्या उंबरठ्यावर हायडे आणि पागेलपासून सगळे ताटकळले ते दार उघडलं, पण बाहेरच्या बाजूला. कुणी आत गेलं नाही. आतली माणसं हजारोंनी खाली आली. आजारी, उपाशी, डोंगराळ थंडीचे कपडे अंगावर आणि मैदानातल्या उन्हात तापाने फणफणलेली. फुंत्सोग लेह सोडून डेहराडूनजवळच्या राजपूरला गेले, या निर्वासितांमध्ये राहिले, आणि १९६३ मध्ये तिथे मोरावियन इन्स्टिट्यूट उभी केली: तिबेटी मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह. हेर्नहूटची सुरुवात निर्वासितांच्या वस्तीने झाली होती, आणि या मंडळीच्या लडाखी नेत्याचं सर्वांत ठोस काम निर्वासितांच्या वस्तीतच उभं राहिलं. याला परमेश्वरी योजना म्हणायचं की चिनी फौजांचा परिणाम, हे ज्याने त्याने ठरवावं. स्विस मिशनरी पिएर विटोझ यांच्यासोबत फुंत्सोगांनी नव्या कराराचं नवं तिबेटी भाषांतर केलं, ते १९७० मध्ये आलं. फुंत्सोग १९७३ मध्ये गेले.

त्यांच्या लेखनसुधारणेचं भूत मात्र लेहमध्ये अजून हिंडतं. नव्वदच्या दशकापासून बोलीतून लिहू पाहणाऱ्या तरुण लेखक-शिक्षकांना तेच आक्षेप ऐकावे लागले, बहुतेकदा त्याच शब्दांत, आणि हे तरुण बहुतेक बौद्धच होते. २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, २०२५ मध्ये इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि पुर्गीच्या जोडीने भोटीला, म्हणजे तिबेटी लिपीतल्या लडाखीला, राजभाषेचा दर्जा मिळाला. ही भोटी नक्की कशी लिहायची, पोथीसारखी की बोलतो तशी, याचा निकाल त्या अधिसूचनेने लागलेला नाही. शब्दलेखन जसंच्या तसं ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेर्गनांचं काम आहे, आणि बदला म्हणणाऱ्यांच्या बाजूला फुंत्सोगांचं. या वादात आज हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की दोन्ही बाजूंची पायाभरणी काही शे माणसांच्या एकाच मंडळीतल्या दोन पाळकांनी करून ठेवली आहे?